आधी नक्कल येऊ द्या

आमच्या वकीलसाहेबांना कुठल्याच गोष्टीवर लगेच मत नसायचं. घोडेगावच्या कोर्टासमोर आमचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चहा, मिसळ, वडापाव आणि चार बाकडी. तिथं बसणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. कोर्टात काय झालं, दिल्लीत काय होणार, लांबच्या लढाईत कोण हरणार, हे सगळं चहा येण्याच्या आत ठरून जातं. साहेब तेवढे कोपऱ्यात बसून बशीत चहा ओतायचे. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "आधी नक्कल येऊ द्या."

नक्कल म्हणजे निकालाची शिक्का मारलेली प्रत. ती हातात येऊन शेवटच्या पानापर्यंत वाचून होत नाही तोवर हा माणूस त्या निकालाबद्दल अक्षर बोलत नसे. तरुण वकील त्यांना पाठीमागं 'नक्कलसाहेब' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. "खोटं कुठं म्हणतात?" एवढंच म्हणायचे. त्यांच्या बायकोची वेगळीच तक्रार होती. आमटीत मीठ कमी आहे का, असं विचारलं तर साहेब आधी अख्खं ताट संपवायचे आणि मग सांगायचे, "हो, कमी होतं." त्या माउलीला म्हणे लग्नापासून वेळेवर उत्तर मिळालेलं नव्हतं.

मी हे हसत लिहिते आहे खरी, पण त्या एका सवयीपायी एक बाई तुटली आणि साहेबही त्यातून उठले नाहीत. तेच सांगायचं आहे.

त्यांची वकिली बेताची होती. नाव झालं ते लिहिण्यामुळं. मंचरला एका शेठजींचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन, पण शेठ बोलायला लागले की अस्सल आमच्याकडचे. ते एक साप्ताहिकही काढतात. त्यात साहेब दर आठवड्याला कोर्टाचा एखादा निकाल उलगडून सांगायचे. मोठ्या कोर्टाचा असो नाहीतर आमच्या तालुक्याचा. शेठ कधी हॉटेलात आले की म्हणायचे, "वकीलसाहेब, जरा तिखट लिहीत जा राव. लोकांना तिखट लागतं." साहेब माझ्याकडं बोट करायचे. "तिखट आक्काकडं मिळतं. माझ्याकडं निकाल मिळतो."

मी त्या लेखात कशी आले ते सांगते. मी चौथी शिकलेली. एकदा साहेब लिहिलेले कागद बाकावर ठेवून कोर्टात पुकारा झाला म्हणून पळाले. गिऱ्हाईक नव्हतं, मी बोट ठेवून वाचत बसले. ते परत आल्यावर मी म्हणाले, "साहेब, दोन पानं वाचली. एक अक्षर कळलं नाय." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुम्हाला काय कळणार. साहेब खाली बसले आणि म्हणाले, "कुठं अडलात ते दाखवा." मी दाखवलं. त्यांनी तिथंच खोडलं. त्या दिवसापासून लेख छापखान्यात जाण्याआधी मला वाचून दाखवायचा, हा त्यांचा नेम झाला. मी भांडी विसळत ऐकायची. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कळलं का?" आवडलं का, असं कधी विचारलं नाही. मी "नाय" म्हटलं की कागद परत घेऊन जायचे. कधी कधी एकच लेख तीन-तीनदा ऐकावा लागायचा. त्यामुळं त्यांचे कितीतरी लेख मला तोंडपाठ झाले.

मुलींना जमिनीत वाटा असतो, यावर त्यांनी लिहिलं तेव्हा एक बागायतदार तणतणत आला. "वकील, तुमच्या त्या लेखापायी माझी बहीण वाटा मागाय लागली!"

"मी कुठं दिला? कायद्यानं दिलाय."

"पन तिला सांगायचं काय नडलं व्हतं?"

"पावणं, मी तिला एकटीला नाही सांगितलं. पेपर तुमच्याही घरी येतो. तुम्ही आधी वाचला असता तर तिनं मागायच्या आधी तुम्हीच देऊन टाकला असता."

बागायतदार चहा न पिता गेला. साहेबांनी तो चहा स्वतःकडं ओढला.

लांबच्या देशांबद्दल मात्र ते जरा मोकळं बोलायचे. तिथलं कळून घ्यायला शिक्क्याची गरज नसते म्हणायचे, नकाशा पुरतो. एका वर्षी समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि नारायणगावकडच्या द्राक्षवाल्यांचे कंटेनर अडकले. सगळे कपाळाला हात लावून बसलेले. साहेबांनी चहात बोट बुडवून टेबलावर नकाशा काढला. हा आपला किनारा, हा तांबडा समुद्र, ही अरुंद वाट, इथं हल्ले. आता जहाज असं खालून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाणार. द्राक्ष तेवढे दिवस तग धरणार का? लोक माना लांब करून बघत होते. मला पुढची गिऱ्हाइकं बसवायची होती. मी फडकं घेऊन आफ्रिकेसकट सगळा समुद्र पुसून टाकला. साहेब म्हणाले, "आक्का, वाट मोकळी केलीत." लोक हसले. द्राक्षवाले हसले नाहीत.

जगाचं एक मोठं कोर्ट असतं, तिथं देश देशावर फिर्याद करतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "आन निकाल पाळला न्हाई तर?" साहेब म्हणाले, "तर काही नाही. पाळायला लावणारं कुणी नाही." मी म्हणाले, "मग आमच्या ग्रामपंचायतीवानीच की." पुढच्या लेखात त्यांनी हे वाक्य माझ्या नावानं घातलं. मला पटलं नाही, पण तो अंक मी ठेवला आहे.

बातम्यांवर त्यांचा डोळा फार. हॉटेलातला पेपर ते पेन घेऊन वाचायचे. पकडलेल्या माणसाला 'गुन्हेगार' छापलेलं दिसलं की खोडून 'आरोपी' लिहायचे. 'खळबळ माजली' दिसलं की मला विचारायचे, "आक्का, कुठं माजली? इथं तर चहा शांतपणे उकळतोय." आमच्याकडं बिबट्या ही रोजची बातमी. एकदा अवसरीत बिबट्या शिरला म्हणून सगळ्यांच्या फोनवर फोटो फिरला. साहेबांनी फोटो लांब धरून बघितला. "बिबट्या खरा आहे. पण त्याच्या मागं ही देवदाराची झाडं दिसतायत. अवसरीत देवदार कधी लावले?"

तो फोटो फिरवणारा आमच्याकडंच चहा प्यायचा. मोबाइलवर बातम्यांचा चॅनेल चालवायचा. हातात कायम बूम, म्हणजे चॅनेलचं नाव लावलेला माइक, म्हणून सगळे त्याला बूमवाला म्हणायचे. तिशी ओलांडलेला, लेकरंबाळं असलेला माणूस. साहेब त्याला रोज काहीतरी सांगायचे आणि तो रोज "हो साहेब" म्हणायचा.

आता हौसाचं सांगते.

हौसा घाटघरची. नाणेघाटाच्या अंगाचं, जुन्नर तालुक्यातलं डोंगरातलं गाव. नवरा नाही. मुलगी मनीषा हुशार म्हणून तिला घोडेगावच्या वसतिगृहात घातली आणि पोरीच्या जवळ राहायचं म्हणून हौसा माझ्याकडं भांडी घासायला राहिली. पोर पुढं अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात लागली. शनिवारी घोडेगावला यायची. आली की पदर खोचून आईच्या शेजारी बसून ग्लास विसळायची. मी म्हणायची, "अगं इंजिनेर, ऱ्हाऊ दे." ती म्हणायची, "आक्का, अजून झाले नाय."

दोघींत मिळून एक फोन होता. आठवडाभर पोरीकडं. एका आठवड्यात घाटघरला हौसाची सासू आजारी पडली, म्हणून पोरीनं तो आईकडं ठेवला. त्याच शनिवारी ती कॉलेजातून हायवेकडं चालत निघाली होती, बस पकडायला. मागून टोमॅटोची पिकअप आली. पोर जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी बूमवाल्याच्या चॅनेलवर लाल अक्षरांत आलं, 'मोबाइलचा नाद जिवावर बेतला'. पोरगी फोनवर बोलत रस्त्याच्या मधून चालली होती म्हणे. साहेबांनी त्याला हॉटेलातच अडवलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"लोक म्हनत्यात, साहेब."

"लोक म्हणजे कोण? एकाचं नाव सांग."

"आता असं नाव कसं सांगनार?"

"मग असं लिहिलंस कसं?"

त्यानं ते काढलं नाही. तोवर सगळ्या तालुक्यानं बघितलं होतं. तेराव्याला आलेली माणसंसुद्धा हौसाला म्हणाली, "आजकालची पोरं आयकत न्हाईत, सारखा कानाला फोन." आणि तो फोन हौसाच्या कमरेच्या पिशवीत होता. अपघात झाला तेव्हाही तिथंच होता. पोरीच्या मैत्रिणीच्या घरून निरोप आला तो त्याच फोनवर.

केस उभी राहिली. पिकअप दुसऱ्या एका बागायतदाराची, चालवत होता त्याचा पोरगा, असं पोलिसांचं म्हणणं. साहेब त्या केसमध्ये वकील नव्हते, सरकारी वकील वेगळे. पण प्रत्येक तारखेला ते हौसाच्या शेजारी बाकावर बसायचे आणि आत काय चाललंय ते तिला हळू आवाजात सांगायचे. समोरच्या वकिलानं पोरगी फोनवर होती हाच मुद्दा घेतला. हौसानं साक्ष दिली, फोन माझ्यापाशी होता. प्रत्येक तारखेनंतर ती हॉटेलात येऊन एकच विचारायची.

"साहेब, माझ्या मनीच्या हातात फोन नव्हता, ह्ये कोर्टानं लिवून घेतलं का?"

"साक्षीत आलंय, बाई. निकालात येईल."

"नक्की?"

"नक्कल येऊ द्या. मी स्वतः वाचून सांगेन."

हौसा साक्षीपुराव्याचं दुसरं काही विचारायची नाही. बागायतदाराच्या पोराला किती वर्षं होतील, हेसुद्धा तिनं कधी विचारलं नाही. साहेबांवर तिचा एवढा भरवसा की ती म्हणायची, "कोर्ट काय म्हनतं मला कळत न्हाई. साहेब म्हनतील त्ये खरं."

ज्यानं पोराला गाडी चालवताना बघितलं होतं, तो साक्षीदार कोर्टात म्हणाला, अंधार पडत होता, नीट दिसलं नाही. दिवाळीच्या तोंडावर निकाल लागला. आत एवढंच वाचून दाखवलं, आरोपीची निर्दोष मुक्तता. हौसा बाहेर आली ती भिंत धरून. मी हॉटेलातून धावले. ती मला म्हणाली, "आक्का, त्यो निर्दोष. मंग दोष कुनाचा? माझ्या पोरीचा?"

कोर्टाच्या पायऱ्यांवर बूमवाल्यानं साहेबांना गाठलं. निकाल चुकला का, असं विचारलं. मी तिथं होते, साहेब जे बोलले ते मी कानांनी ऐकलं. ते म्हणाले, "आरोपी सुटला म्हणजे कोर्ट चुकलं असं होत नाही. आणि आरोपी सुटला म्हणजे चूक त्या मुलीची होती, असं तर अजिबात होत नाही. नक्कल आल्यावर बोलेन."

संध्याकाळी फोनवर आलं ते पहिलं वाक्य. फक्त पहिलं. वर लाल अक्षरं, 'निकाल योग्यच, ज्येष्ठ वकिलांनी ठणकावलं'. मागं ढोल वाजत होते. हॉटेलात कुणीतरी ते मोठ्यानं लावलं. हौसा मोरीत ग्लास विसळत होती. साहेबांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मग हातातला ग्लास पालथा ठेवला आणि हात पुसत उभी राहिली.

तेवढ्यात साहेब आलेच. ती म्हणाली, "साहेब, ह्यो आवाज तुमचाच ना?"

"आवाज माझा आहे, बाई. वाक्य अर्धं आहे."

"मंग ऱ्हायलेलं आता सांगा. ह्या सगळ्यांम्होरं सांगा. माझ्या पोरीची चूक व्हती का न्हाई, कोर्ट काय म्हनलं?"

साहेबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील.  साहेब म्हणाले, "बाई, नक्कल येऊ द्या. कागद न बघता मी काही बोललो, तर माझ्यात आणि त्या बूमवाल्यात फरक काय राहिला?"

हौसा मग म्हणाली, "साहेब, तुमी वाचल्याबिगर बोलत न्हाई. मला तर वाचताच येत न्हाई. मी काय करू?" आणि मागच्या खोलीत जाऊन बोचकं बांधलं.

मी साहेबांना तिथंच सगळ्यांसमोर बोलले, "आवो, ती माय हाय. तिला कशाला पायजे शिक्का? न्हाई म्हना, चूक नव्हती म्हना, काय जीब झडती का?" साहेब चहा तसाच ठेवून गेले. सकाळच्या जुन्नरच्या गाडीनं हौसा घाटघरला गेली. तिनं तो फोन माझ्या गल्ल्यावर ठेवला होता. पुन्हा तो तिला हातात धरायचा नव्हता.

मग कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपली तरी नक्कल लगेच मिळाली नाही, आणि तोवर ती चित्रफीत कुठं कुठं जाऊन आली. साहेबांना रस्त्यात लोक विचारायचे, "किती घेतले बागायतदाराकडनं?" ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या अर्ध्या बातम्या पेनानं नीट केल्या, त्याला स्वतःची अर्धी बातमी नीट करता आली नाही. शेठनं सांगितलं, याच अंकात खुलासा छापू, पहिल्या पानावर. बूमवाल्याविरुद्ध नोटीस काढा, असं तरुण वकिलांनी सांगितलं. साहेबांचं एकच. आधी नक्कल.

नक्कल आली त्या दिवशी त्यांनी ती आमच्या हॉटेलात, मोरीजवळच्या बाकावर बसून वाचली. मोरीवर तेव्हा दुसरी बाई होती. दुपार सगळी गेली. वाचता वाचता एका पानावर थांबले आणि चष्मा काढून नुसते बसून राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "आक्का, आहे. कोर्टानं लिहिलंय. स्वच्छ लिहिलंय."

लेख तिथंच लिहिला. मला वाचून दाखवला. 'संशयाचा फायदा' म्हणून काहीतरी होतं, ते मला कळलं नाही. पुन्हा लिहिला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा कळला. माझ्या डोक्यात तो तेव्हाच पक्का बसला. पेपरात आला तेव्हा चार लोकांनी वाचला असेल. त्याला ढोल नव्हते.

"आता मी घाटघरला जातो," साहेब म्हणाले. "मी वाचून सांगेन असं बाईंना म्हणालो होतो." तारखा बघून दिवस ठरवला. तो दिवस आला नाही. छातीत दुखायला लागलं, आधी मंचरला नेलं, मग पुण्याला. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती. मला बघून त्यांनी चष्मा मागितला. कपाळावर सरकवायला.

"आक्का, चुकलं माझं," ते म्हणाले. "मला पायऱ्यांवरच खात्री होती. कागद नव्हता एवढंच."

मला गोड बोलता येत नाही. मी म्हणाले, "व्हय, चुकलं."

ते हसले. मग विचारलं, "हौसाबाईंना कळलं का?"

मी म्हणाले, "अजून नाय."

त्यानंतर मी त्यांना बघितलं ते कापडात गुंडाळलेलंच. त्या संध्याकाळी बूमवाल्यानं श्रद्धांजली टाकली. ज्येष्ठ विधिज्ञ हरपले, परखड आवाज हरपला, असं बरंच काही. आणि खाली त्यांचीच चित्रफीत. तीच. तेवढंच वाक्य. त्यानं मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. त्याच्याकडं साहेबांचं दुसरं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "पुढचं वाक्य कुठाय?" त्याला कळलंच नाही मी काय विचारते ते. मी त्याला चहा दिला नाही. अजून देत नाही. माझा मुलगा म्हणतो, आई, गिऱ्हाईक आहे. असू दे.

थंडी सरल्यावर मी घाटघरला गेले. या वयात मी घोडेगाव सोडत नाही, गुडघे साथ देत नाहीत. जुन्नरला गाडी बदलली, पुढच्या गाडीत कंडक्टरनं खिडकीची जागा दिली. घर शोधावं लागलं नाही. हौसा अंगणात हिरडा वाळत घालत होती. जंगलातून गोळा करून आणतात, वाळवतात, विकतात. मला बघून तिला आनंद झाला, पण पुढं आली नाही. हिरडा पसरतच राहिली.

मी म्हणाले, "हौसा, निकालाची नक्कल आली. तुला सांगायला आले."

"साहेबांनी धाडलं?"

"हां," मी म्हणाले. ते खरंच होतं.

तिचे हात थांबले. मी खाली बसले नाही, उभीच राहिले, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. आणि मला येत होता तसा साहेबांचा लेख मी सांगायला लागले. कोर्टापुढं प्रश्न एकच होता, गाडी कोण चालवत होतं. ते शाबीत झालं नाही, म्हणून आरोपीला सोडलं. पण गाडीनंच मुलीला मारलं, हे कोर्टानं मानलं आहे. मुलगी रस्त्याच्या कडेनं चालली होती, हे कोर्टानं मानलं आहे. तिच्या हातात फोन नव्हता, फोन तिच्या आईजवळ होता, आईची साक्ष खरी आहे, असं कोर्टानं लिहिलं आहे. मुलीची कसलीही चूक नव्हती, असं कोर्टानं लिहिलं आहे. आईला वाटलं तर वरच्या कोर्टात दाद मागता येईल.

हौसा म्हणाली, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"वरच्या कोर्टात मला न्हाई जायचं," ती म्हणाली. "मला कुनाला आत घालायचं नव्हतं गं आक्का. माझ्या पोरीच्या हातातनं त्यो फोन काढून घ्यायचा व्हता. तेवढाच." मग विचारलं, "साहेब का नाय आले?"

मी सांगितलं, गेले.

ती रडली नाही. हिरड्यांकडं बघत म्हणाली, "ह्ये त्यांना त्या दिसी ठावं व्हतं?"

"खात्री व्हती. कागद नव्हता."

"मंग मला खात्रीच पुरली असती की गं."

  ती उठली, आत गेली, मला वाटलं चहा टाकायला गेली. ती मागच्या दारानं बाहेर पडून शेजारच्या बायांना हाका मारत होती. "ए, हिकडं या गं. समद्या या. माझ्या मनीचं कोर्टानं काय लिवलंय त्ये आयका." बाया आल्या. दोन म्हातारे आले. तेराव्याला जे बोलून गेले होते, तेही त्यांत होते. हौसानं मला दंडाला धरून पुढं केलं.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही, एक वाक्य अर्धं सोडलं नाही. आणि संपल्यावर माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "कळलं का?"

 हौसानं मान हलवली. कळलं.

ती मान बघायला साहेब पाहिजे होते.